शेततळ्याचा कागद : निवड आणि अंथरणी

शहापूर तालुक्यात पावसाचे पाणी कमी पडते असे नाही. ते टिकत नाही, हीच येथील मुख्य अडचण आहे. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण व पुढे बांधले गेलेले भातसा धरण ही दोन्ही याच तालुक्यात असून त्यांचे पाणी मुंबईस जाते. परंतु त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत बसावे लागते. वर्षास सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस चार महिन्यांत उतारावरून ओढ्यात व ओढ्यातून नदीत निघून जातो. आमच्या शेणवा-किन्हवलीच्या बाजूस वरकस जमिनीत वर हात-दोन हात मुरूम आणि खाली भेगाळलेला काळा कातळ असा प्रकार असल्यामुळे, साधे खोदलेले तळे बहुधा दिवाळीच्या सुमारास झिरपून कोरडे पडते.

२०१६ साली सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली, तेव्हापासून तळी खोदण्यास उत्तेजन मिळाले, आणि मागोमाग तळ्यास प्लॅस्टिकचा कागद घालण्याची घाटावरची रीत इकडेही आली. मात्र त्यांतील कित्येक कागद दोन-तीन पावसाळ्यांतच निरुपयोगी झालेले आम्ही पाहिले आहेत. मालक दोष कागदास देतो, व्यापारी उंदरांस देतो. आमचे मत निराळे आहे. फाटलेल्या कागदांपैकी बहुतेक कागद मुळात वाईट नव्हते. ते ज्या जमिनीवर व ज्या रीतीने अंथरले गेले ती जमीन व ती रीत वाईट होती. त्यातही घाटावरच्या कोरड्या प्रदेशातील पद्धत कोकणातील पावसाचा विचार न करता जशीच्या तशी उचलली, हे नुकसानीचे मोठे कारण होय.

प्रथम कागदाचे काम काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. आमच्या तालुक्यात अलीकडे मुंबईकरांच्या फार्महाऊसवर जमिनीवर उभे केलेले पोहण्याचे हौद दिसतात. बाहेरून पत्र्याचे गोल कडे आणि आत निळा पातळ कागद, एवढेच त्याचे स्वरूप. प्रथम पाहणाऱ्यास वाटते, एवढे पाणी हा कागद धरतो तरी कसा? तो धरीत नाही. भार पत्रा धरतो आणि खालची सपाट केलेली जमीन धरते. कागद फक्त पाण्यास वाट देत नाही. शेततळ्याचेही तसेच आहे. अडीच मीटर पाणी साचले म्हणजे तळाच्या दर चौरस मीटरवर अडीच टनांचा भार येतो. त्या भाराखाली सुपारीएवढा अणकुचीदार खडा जरी राहिला, तरी कागद त्यावर ताणला जातो आणि आज ना उद्या तेथे भोक पडते. कागद कितीही जाड घेतला तरी पोकळ जागेवर तो पूल होऊन उभा राहू शकत नाही.

आता तळ्याच्या आकाराविषयी. आमच्याकडे तीन मीटर खोल खोदू गेल्यास बहुधा मध्येच कातळ लागतो व सुरुंगाचा खर्च अंगावर येतो. अशा ठिकाणी निम्मे तळे खोदावे व निघालेल्या मुरमाचे बांध घालून निम्मे जमिनीच्या वर उचलावे, हेच स्वस्त पडते. मात्र भरावाचा बांध एका दमात रचू नये. वीतभर थर टाकावा, पाणी शिंपावे, धुम्मसाने अथवा रोलरने दाबावा, मग दुसरा थर. न दाबलेला बांध पहिल्या पावसात खचतो आणि कागदास बरोबर घेऊन जातो. आतील बाजूस उभ्या एकास आडवा दीड असा उतार ठेवावा. घट्ट मुरमात एकास एक चालतो, परंतु भरावात तो धोक्याचा आहे.

उदाहरणादाखल काठाशी वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद व तीन मीटर खोल असे तळे घेऊ. वरील उताराने त्याचा तळ अकरा मीटर चौरस होतो. काठाखाली चाळीस सेंटीमीटर जागा मोकळी सोडली, तर त्यात सुमारे पाच लाख नव्वद हजार लिटर पाणी मावते. आता आकाशातून पडणारे पाणी पाहा. वीस गुणिले वीस म्हणजे चारशे चौरस मीटर. त्यावर अडीच मीटर पाऊस पडला म्हणजे दहा लाख लिटर झाले. अर्थात आमच्या भागात कागद घातलेले तळे केवळ स्वतःच्या तोंडात पडणाऱ्या पावसाने भरून वाहू शकते. सोलापूर-सांगोल्याच्या शेतकऱ्यास विहिरीतून अथवा ओढ्यातून पंपाने तळे भरून घ्यावे लागते. तेथे पाणी आत आणण्याची सोय प्रथम पाहावी लागते. आम्हांस ती नको आहे. शेतातील पाणी तळ्यात वळविले तर त्याबरोबर गाळ, काड्या व दगड येतात, उतारावरचा कागद झिजतो आणि तळे भरून जाते गाळाने. यास्तव तळ्याच्या वरच्या अंगास चर काढून शेतातील पाणी बाहेरच्या बाहेर काढून द्यावे, आणि सांडव्याकडे मात्र पूर्ण लक्ष द्यावे. सांडवा पक्का, काठापेक्षा चाळीस सेंटीमीटर खाली आणि भरावाच्या बांधावरून नव्हे तर खोदलेल्या घट्ट बाजूने काढलेला असावा. बांधाच्या पाठीवरून एकदा पाणी वाहू लागले, की बांध एका रात्रीत जातो.

याच हिशेबाच्या ओघात एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. हे साडेपाच-सहा लाख लिटर ऐकावयास पुष्कळ वाटतात, पण त्यातील बरेचसे ऊन घेऊन जाते. रोज अर्धा सेंटीमीटर बाष्प होते असे धरले, तर भरल्या तळ्यातून प्रथम दिवसास पावणेदोन हजार लिटर पाणी उडते. पातळी उतरत जाते तसे हे प्रमाण कमी होत जाते. उन्हाळ्याअखेर सुमारे दोन लाख लिटर असे गेले म्हणावयास हरकत नाही. उरलेल्या चार लाखांत ठिबकने दहा गुंठे भेंडी वा काकडी शंभर दिवस चांगली निघेल. एक एकर निघेल असे जो सांगतो, त्याने हिशेब केलेला नाही.

कागदाचे माप घेताना बहुतेकांची चूक होते, आमचीही झाली. पहिल्या तळ्याच्या वेळी आम्ही काठापासून काठापर्यंत टेप धरला, वीस मीटर भरले, दोन्ही बाजूंस एकेक मीटर जास्त धरून बावीस मीटरचा कागद मागविला आणि निश्चिंत झालो. कागद अंथरला तेव्हा तो चोहोंकडे जेमतेम काठास पोचला. गाडावयास वीतभरही उरला नाही. कारण कागद हवेतून सरळ जात नाही, उतारावरून खाली उतरून पुन्हा वर चढतो. वरील तळ्यात उताराची तिरपी लांबी पाच मीटर चाळीस सेंटीमीटर आहे. दोन उतार व तळ मिळून एकवीस मीटर ऐंशी होतात. त्यात दोन्ही बाजूंस काठावरचे व चरातील मिळून दीड-दीड मीटर, आणि ढिलेपणासाठी अर्धा-पाऊण मीटर मिळविला म्हणजे साडेपंचवीस मीटर पाहिजे. खोदाई पुरी होऊन बांध दाबून झाल्यावरच, सुतळी प्रत्यक्ष उतारावर टाकून माप घ्यावे; नकाशावरून घेऊ नये. जेसीबीचे खोदकाम नकाशाप्रमाणे कधीच उतरत नाही.

कागदाच्या जातींकडे वळू. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक अखंड पॉलिथिनची काळी फिल्म. दुसरा एचडीपीईच्या पट्ट्या विणून दोन्ही अंगांस लेप दिलेला, ताडपत्रीच्या घडणीचा. शेततळ्यासाठी पाचशे मायक्रॉन जाडीचा कागद सर्वत्र मान्य झालेला असून विणीच्या कागदास भारतीय मानक आयएस १५३५१ हे लागू आहे. तो क्रमांक कागदावर छापलेला व पावतीवर लिहिलेला असावा. आमच्या खडकाळ जमिनीत आम्ही विणीचा कागद पसंत करतो, कारण त्यास भोक पडले तरी ते धावत नाही. अखंड फिल्म अधिक ताण खाते व कोपऱ्यांत चांगली बसते, म्हणून मऊ मातीच्या जागी तिला नाव ठेवता येणार नाही. पोहण्याच्या हौदांत वापरतात तो पीव्हीसीचा कागद मऊ व देखणा असला तरी शेतावर घेऊ नये. त्यास मऊ ठेवणारे द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जाते आणि तो कडक होऊन तडकतो. आंबा-काजूच्या नव्या बागेस पहिली दोन-तीन वर्षे पाणी देण्यापुरते लहान कुंड करावयाचे असेल, तर पातळ कागदावरही भागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पुरस्कारलेले ‘कोकण जलकुंड’ या प्रकारचेच आहे, आणि ज्यांची जमीन थोडी आहे त्यांनी मोठ्या तळ्याच्या मागे न लागता त्याचा विचार करावा.

जाडीच्या बाबतीत व्यापारी गोंधळ घालतात. मायक्रॉन ही जाडी आहे, जीएसएम हे वजन आहे. तीनशे जीएसएमचा कागद तीनशे मायक्रॉनचाच असेल असे नाही. परदेशी हौदाच्या कागदावर ‘वीस मिल’ असे लिहिलेले असते; मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणून वीस मिल म्हणजे सुमारे पाचशे मायक्रॉन. यात फसावयाचे नसेल तर साधा उपाय वजनाचा आहे. पाचशे मायक्रॉनच्या अखंड एचडीपीई फिल्मचा एक मीटर चौरस तुकडा सुमारे ४७० ग्रॅम भरला पाहिजे. चारशेच्या खाली भरला तर बोलणे थांबवावे. विणीच्या कागदात मध्ये पोकळी राहत असल्याने त्याचे वजन निराळे असते. ते व्यापाऱ्याकडून लिहून घ्यावे आणि मग किराणा दुकानाच्या काट्यावर खुशाल पडताळून पाहावे. त्याच कागदाची घडी घालून ती नखाने खरवडावी. लेप पापुद्र्यासारखा सुटू लागला तर तो माल नको. रंग काळाच घ्यावा. काळेपणा देणारी काजळी दोन-तीन टक्के असली म्हणजे ती उन्हापासून कागदाचे रक्षण करते; निळ्या-पांढऱ्या रंगांची हौस येथे कामाची नाही. सांधे कारखान्यातच तापवून जोडून एकसंध कागद आणावा आणि उलगडताना प्रत्येक सांध्यावरून बोथट काडी फिरवून पाहावी. काडी कोठे आत शिरली तर तो सांधा कच्चा समजावा.

यापुढील मजकूर आमच्या भागातील शेतकऱ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. घाटावर तळ्यातील पाणी बाहेर जाण्याची भीती असते. आमच्याकडे बाहेरचे पाणी कागदाखाली येण्याचीही तितकीच भीती आहे. आषाढ-श्रावणात वरकस जमिनीत कोठेही पहार मारली तरी पाणी लागते. हे पाणी कागदाच्या पाठीमागे साचते. तळे भरलेले असेल तोवर आतील पाणी त्यास दाबून ठेवते. परंतु गाळ काढण्यासाठी वा भोक बुजविण्यासाठी म्हणून भर पावसात कोणी तळे उपसले, तर खालचे पाणी कागद वर उचलते. प्लॅस्टिक स्वतःच पाण्याहून हलके, मग त्यास अडविणार कोण? तळ्याच्या मध्यभागी म्हशीच्या पाठीसारखा फुगवटा येतो, कागद चरातून उपटला जातो, आणि पाणी ओसरल्यावर तो पुन्हा बसतो तो सुरकुत्या व गाठी पडून, खाली गाळ घेऊन. असा बिघडलेला कागद पूर्ववत बसविता येत नाही.

यावर इलाज दोन. पहिला फुकटचा आहे: पावसाळ्यात तळे कधीही रिकामे करू नये, जी दुरुस्ती करावयाची ती एप्रिल-मेमध्ये करावी. दुसऱ्यास थोडा खर्च लागतो, पण नव्या तळ्यास तो टाळू नये. तळाच्या मधोमध फूटभर रुंद चर काढून त्यात भोके पाडलेला पाइप जाळीत गुंडाळून ठेवावा, भोवती धुतलेली खडी भरावी, वर जाड फेल्टचा कपडा टाकावा, आणि पाइपाचे तोंड बांधाखालून उताराच्या बाजूस बाहेर काढावे. बांधाखालून जाणाऱ्या पाइपास भोके ठेवू नयेत व त्याभोवती माती नीट ठोकावी. आमच्या जमिनी उताराच्या असल्यामुळे हे तोंड सहज उघड्यावर येते. कागदाखालचे पाणी त्यातून निघून जाते. शिवाय याच पाइपाने आणखी एक काम होते. माघ-फाल्गुनात, भोवतालची जमीन कोरडी ठणठणीत असता, त्यातून पाणी ठिबकू लागले, तर कागद फुटला आहे हे घरबसल्या कळते.

पाइप बसला की मग तळाची तयारी. या कामास लोक एक दिवस देतात. आम्ही म्हणतो आठ दिवस द्यावेत. उतारावरचे टोकदार दगड पहारीने काढावेत, कातळाच्या भेगा चाळलेल्या मातीने व चुन्याने बुजवाव्यात, आणि सर्व पृष्ठभागावर चाळलेल्या मातीचा तीन-चार इंच थर देऊन तो ओलवून चोपावा. जेथे कातळ उघडा आहे तेथे मातीवर फेल्टचा कपडा घालावाच. पेंढा वा गोणपाट घालू नये. ते कुजते, खाली पोकळी राहते आणि उंदरांस घरटे मिळते. लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात, कारण त्याचा कोंब पातळ कागद सहज भेदून वर येतो. भातखाचरालगतच्या बांधात खेकड्यांची बिळे असतात. ती शोधून खोलवर ठोकून बुजवावीत, नाहीतर कागदाच्या पाठीमागे बांध पोखरला जाऊन कागद तेथे लोंबकळतो. सर्व झाल्यावर घरातील कोणी अनवाणी पायांनी संपूर्ण तळावर फिरून यावे. जे पायास टोचते ते कागदासही टोचणार.

कागद मृग लागण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस अंथरावा. वेळ पहाटेची, वारा पडलेला असताना. वरील मापाचा कागद तीनशे किलोंच्या आसपास भरतो, म्हणून पंधरा-वीस माणसे हवीत; सगळी अनवाणी, कमरेस कोयता नाही, तोंडात विडी नाही. गुंडाळी एका काठावर ठेवून समोरच्या काठाकडे दोन्ही हातांनी उचलत न्यावी, फरफटत ओढू नये. कागद कोठेही ताणू नये. दुपारी तापून लांबलेला कागद रात्री आखडतो. पंचवीस मीटरमध्ये हा फरक दहा सेंटीमीटरपर्यंत जातो, आणि दुपारी तंग बसविलेला कागद पहाटे तळाच्या कडेशी ढोलावरच्या कातड्यासारखा ताठ उभा राहतो. ढिला सोडलेला कागद पाण्याच्या भाराने आपोआप जागेवर बसतो.

काठापासून दोन फूट दूर, दीड-दोन फूट रुंद व तितकाच खोल चर आधीच खणून ठेवलेला असावा. कडा त्यात सोडाव्यात, पण लगेच गाडू नयेत. मातीने भरलेल्या गोण्यांनी दाबून ठेवाव्यात. तळावरही गोण्या मांडाव्यात, म्हणजे वारा कागद उचलणार नाही. आमच्या उदाहरणातील तळ्यात नव्वद मिलिमीटर पाऊस झाला, की तळावर फूटभर पाणी साचते. मृगाच्या दोन-चार चांगल्या सरींत तेवढे होऊन जाते. तेव्हा तळावरच्या गोण्या अलगद काढाव्यात, कोपऱ्यांतील घड्या हाताने एकाच दिशेस वळवाव्यात आणि मगच चर मातीने भरून ठोकावा. हा धीर बहुतेकांस धरवत नाही. आधी गाडून बसतात आणि मग पाण्याने कागद खाली ओढला की कडा फाटतात.

पंपाचा फूटव्हॉल्व्ह कागदावर टेकू देऊ नये. रिकाम्या प्लॅस्टिक पिंपास बांधून तो पाण्यात तरंगता ठेवावा.

आता जी गोष्ट कागदाहूनही मोलाची, ती. कागद घातलेल्या तळ्याचा उतार शेवाळाने बुळबुळीत होतो. साध्या तळ्यात पडलेला मनुष्य मातीत बोटे रोवून वर येतो. कागदावर बोटे रुततच नाहीत. पट्टीचा पोहणाराही काठापासून दोन हातांवर येऊन पुन्हा पुन्हा खाली घसरतो. अशा तळ्यांत मुले बुडाल्याच्या, आणि त्यांना वाचविण्यास उडी घेतलेली मोठी माणसेही बुडाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर वर्षी येतात. यास्तव कुंपणाचा खर्च कागदाच्या खर्चातच धरावा. पैसे पुरत नसतील तर तळे लहान करावे, कुंपण गाळू नये. चारही उतारांवर हातभर अंतराने गाठी मारलेले जाड दोर काठावरच्या खुंटांस पक्के बांधून पाण्यापर्यंत सोडून ठेवावेत. ट्रकच्या दोन जुन्या ट्यूबा हवा भरून पाण्यात तरंगत ठेवाव्यात. गाई-गुरांचे पाणी पिणे तळ्यावर नको. पाइपाने खाली हौदात पाणी द्यावे. फाटकास कुलूप असावे, आणि त्याची किल्ली मुलांच्या हाती लागेल अशा खुंटीवर नसावी.

पाणी कमी होऊ लागले म्हणजे ते उन्हाने की भोकाने, असा प्रश्न दर वर्षी फाल्गुनात पडतो. यास पोहण्याच्या हौदवाल्यांची एक युक्ती उपयोगी आहे. एक बादली पाण्याने भरून, दोराने काठास बांधून, तळ्याच्या उथळ कडेस अर्धी बुडेल अशी मातीच्या गोणीवर ठेवावी. बादलीत आतून पाण्याची रेघ मारावी, तळ्याच्या कागदावरही खडूने रेघ मारावी, आणि तीन दिवस पंप बंद ठेवावा. दोन्हीकडे पाणी सारखेच उतरले तर ते उन्हाने गेले. तळ्याचे अधिक उतरले तर कागद फुटला आहे. मग पातळी जेथे येऊन थांबते, त्या उंचीवर सभोवार फिरून शोध घ्यावा. भोक बहुधा त्या रेषेवर अथवा किंचित वर सापडते. ते कोरडे करून, धुऊन-पुसून, चोहोंकडून वीतभर मोठे ठिगळ गरम हवेच्या यंत्राने चिकटवावे. ठिगळ त्याच कागदाचे असेल तरच नीट चिकटते. म्हणून अंथरणीच्या दिवशी उरलेला तुकडा म्हशीखाली घालू नये, अथवा शेजाऱ्यास गवताच्या गंजीवर टाकावयास देऊ नये. गुंडाळून, त्यावर खरेदीची तारीख लिहून, पावतीसह माळ्यावर ठेवावा.